फलक नऊ, चाळीस शब्दांत

फलक ९ (टांगला होता तसा)

ही भिमी. ती ऐकत नाही, बोलत नाही. तरी बोरमाळ वाडीत तिच्याशी बोलता येत नाही असा एकही माणूस सापडणार नाही. इथे सगळ्यांचे हात बोलतात. म्हणून इथे अपंगत्व नाही. इथे कुणी एकटं नाही. भिमीला वेगळं घर लागत नाही. भिमी सगळ्या घरांची आहे.


मोजून चाळीस शब्द. उभ्या माणसाला एका फलकावर तेवढेच वाचवतात, असं प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या प्रज्वलनं सांगितलं होतं. शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी वाशिंदच्या घरी होते. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, छान आहे, पण खरं आहे का? मी म्हटलं, आई, हा फलक आहे.

आता तोच फलक दुरुस्त करायला बसले आहे. चौकट तीच आहे, म्हणून शब्दही तेवढेच.


फलक ९, मसुदा

ही भिमी. तिला वेगळं घर हवं होतं. तिचं होतं. ते


नाही. आधी बाकीचं सांगायला हवं.


मी नम्रता. कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते. म्हणजे काय करते ते माझ्या काशीआत्येला अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "आमची नमी डोंगरातल्या वाड्यांवर जाते, भाकरी खाते आन् लिवते." यात चूक काढण्यासारखं काही नाही.

बोरमाळ तानसा तलावाच्या मागच्या डोंगरात आहे. होती. एक्केचाळीस घरं. अकरा वर्षांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा भिमी चाळिशीची असेल. जन्मापासून बहिरी. वाडीला एक घरची बोली आणि दुसरी हातांची, ही दुसरी भिमीमुळे आलेली. पोरं चालायच्या आधी ती शिकत.

भिमीला हाक मारायची तर कुडावर थाप मारायची. भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणामातीचा लेप. एका टोकाला थाप मारली की दुसऱ्या टोकापर्यंत कुड थरथरतो, त्याला अडकवलेला कोयता हलतो, टोपली हलते, आणि पाठमोरी भिमी वळते. ती शेतात असेल तर पुढं जाऊन तिच्या पुढ्यात खडा टाकायचा. मागून टाकायचा नाही. मागून खडा गुराला मारतात. हे मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, सांगणारी भिमीच होती.

वाडीतल्या प्रत्येकाचं हातांतलं नाव तिनं ठेवलेलं. तिचं स्वतःचं म्हणजे भुवईवरून एक बोट ओढायचं, तिथं लहानपणी विळा लागला होता. माझं, तळहातावर बोटानं लिहिणं. वाडीचा कारभार बघणारा हनुमान आपल्या नावावर कायम चिडून असायचा.

"बाय, सगळ्यांची नावं चांगली. माझं काय ठेवलंन बघा, ढेरी!"

"मग कमी करा ना काका."

"पंधरा वर्षांपूर्वी ठेवलंन. तवा ढेरी नव्हती. हिनंच आणली ती."

भिमी समोर बसून सगळं बघत होती आणि पोट पुढं काढून हनुमानसारखी चालून दाखवत होती.

साहेब म्हणजे कमरेचा पट्टा. संपलं म्हणजे दोन्ही तळवे एकमेकांवरून झाडणं. आणि चूल म्हणजे डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं टेकवणं. तीन बोटं, तीन धोंडे.

ही शेवटची खूण लक्षात ठेवा. सगळं तिच्यावर आहे.


पुस्तकातून, प्रकरण चौथं (नावं बदललेली)

सुगंधा भावाच्या घरी राहत असे. पाणी, गुरं, लाकूडफाटा तिच्याकडे. जेवायला शेवटी. एके दिवशी भावजयीनं तिला बोलावण्यासाठी मागून खडा मारला. सुगंधा वळली नाही. ओहोळावर गेली, तीन धोंडे निवडून डोक्यावर घेऊन आली आणि करवंदी वाडीच्या शेवटच्या टोकाला मांडले. आठ दिवसांत एकटीनं कुड उभा केला. नवी चूल मांडली की पहिल्या भाताचा घास वाडीतल्या प्रत्येक घरात जातो, अशी करवंदीची रीत आहे. ज्या घरानं घास खाल्ला त्या घरानं ती चूल मानली. त्यानंतर त्या चुलीवर कुणाचा हक्क नाही. सुगंधा घरोघर गेली. कुणी नाही म्हटलं नाही. शेवटी ती भावाच्या दारात उभी राहिली. भावानं बराच वेळ हात पुढे केला नाही. मग केला.


हे सगळं खरं आहे. तिथं मी होते, घास मीही खाल्ला होता. भात थोडा करपला होता.

फक्त सुगंधा म्हणजे भिमी आणि करवंदी म्हणजे बोरमाळ. आमच्या धंद्यात माणसांची नावं बदलतात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. खरं नाव कुठलं आणि खोटं कुठलं याची यादीसुद्धा मी काम संपल्यावर नियमाप्रमाणे फाडून टाकली. पुस्तक वाडीत घेऊन गेले तेव्हा भिमीच्या भावाची, नामाची, नवी सून हर्षाली दहावी शिकलेली होती. तिनं पुस्तक चाळलं.

"ही सुगंधा कोन गो बाय?"

"भिमीआत्याच ती."

"मग भिमी का नाय लिवलं? आत्यानं काय चोरी केलीय?"

तिनं ते हातांनी भिमीला सांगितलं. भिमीनं पुस्तक घेतलं, आपल्या भुवईवरून बोट ओढलं, ते बोट पानावर टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून प्रदर्शनात मी खरी नावं लावली. वाडीचं, भिमीचं, सगळ्यांची. मोठे फोटो, बोलणारे हात.

पण चुलीची गोष्ट तिथं मावली नाही. प्रज्वल म्हणाला, "ताई, हे भांडण नको. लोक येऊन 'बिचारी' म्हणतील आणि पुढं जातील. तुम्हाला तेच तर नकोय ना?" मला तेच नको होतं. 'बिचारी' ऐकून ऐकून मी विटले होते. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, अंगणवाडीच्या बाया, कॉलेजची मुलं यांनी हे बघावं आणि घरी जाताना आपल्या गल्लीतल्या बहिऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघावं, एवढंच मला हवं होतं. मी खडा काढला, भावजय काढली, धोंडे काढले. मग फलक चाळीस शब्दांत बसला.


शहापूरच्या हॉलमध्ये उद्घाटन झालं. पाहुणे म्हणून बोरमाळच्या खाली होणाऱ्या नव्या धरणाच्या पुनर्वसनाचं काम बघणारे साहेब आले. चांगले गृहस्थ. घाई न करता प्रत्येक फलक वाचला. नऊ नंबरपाशी थांबले, चष्मा काढून पुसला.

"काय लिहिलंय हो मॅडम. सगळ्या घरांची. वा!"

भिमी नवं लुगडं नेसून फलकाशेजारीच उभी होती. साहेब म्हणाले, मला दोन-तीन खुणा शिकवा. तिनं शिकवल्या. पाणी. ये. संपलं. साहेबांनी तिन्ही करून दाखवल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना भिमीनं त्यांचं नावही ठेवून टाकलं, चष्मा पुसणं.

त्या संध्याकाळी अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहिलं होतं, 'डोळे उघडले.'


दोन महिन्यांनी बोरमाळच्या विस्थापितांची यादी लागली. एक्केचाळीस कुटुंबं, मुरबाडच्या बाजूला माळावर एक्केचाळीस प्लॉट, प्रत्येकावर बांधून तयार घर. भिमी एकोणिसाव्या ओळीत होती. 'नामा, कुटुंबप्रमुख.' खाली: पत्नी, मुलगा, सून, नात, बहीण (मूकबधिर, अवलंबून).

एकोणीस नंबरचं रेशनकार्ड नामाचं. भिमीचं नाव त्याच कार्डावर, तिनं चूल वेगळी केली तरी ते वेगळं करायला शहापूरला कुणी गेलं नव्हतं. नियमात मात्र होतं की एकट्या बाईची चूल वेगळी असेल तर ते वेगळं कुटुंब. पुरावा हवा. मी हरकतीचा अर्ज लिहिला, भिमीचा अंगठा घेतला. सुनावणीची तारीख मिळाली.

आदल्या दिवशी दुपारी मी वाडीत गेले. वडाखाली सगळे बसले होते.

"उद्या साहेब विचारतील, हिची चूल वेगळी होती का," मी म्हटलं. "तुम्ही घास खाल्ला ते सांगायचं. एवढंच."

"सांगू की," हनुमान म्हणाला. "खाल्लाय तर खाल्लाय. ढेरी काय हवा खाऊन आली?"

बायका हसल्या. नामा हसला नाही. तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

"नामादादा, तुमचं काय?"

"माझं काय, बाय. ती माझी भईन हाय. मी तिच्या आड येन का?"

भिमी आपल्या घरासमोर उभी होती. घर आठ पावलांचं, पण कुड दर वर्षी लिंपून गुळगुळीत केलेला. तिनं मला तीन बोटं तळहातावर टेकवून दाखवली, मग डोंगरापलीकडे हात केला, मुरबाडच्या दिशेनं. मग तीन बोटं पुन्हा. तिकडं. माझी चूल. मी मान हलवली.

परत निघाले तेव्हा पायवाटेवर गावातला एक पुढारी मोटरसायकलवरून वाडीकडे जाताना दिसला. मी त्याला ओळखत होते. हात केला. त्यानंही केला.


सुनावणी

ठिकाण: शहापूरचा तोच हॉल. प्रदर्शन उठून आठवडा झाला होता, पण फलक मुरबाडला न्यायचा टेम्पो आला नव्हता. ते भिंतीला टेकवून ठेवलेले. नऊ नंबर सगळ्यात पुढं.

उपस्थित: साहेब, कारकून, बोरमाळची चाळीस-पन्नास माणसं खुर्च्यांवर आणि खाली, भिमी, दुभाषी म्हणून हर्षाली. कडेवर तिची सहा महिन्यांची मुलगी. मी.

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. मी चौथं प्रकरण खुणेची चिठ्ठी घालून ठेवलं होतं.

"चांगलं लिहिलंय. पण मॅडम, ही सुगंधा कोण?"

"भिमी. नाव बदललंय."

"कुणी?"

"मी."

"आणि करवंदी? महसुली नोंदीत अशी वाडी नाही."

"तेही मीच बदललं."

"बदललं याचा काही कागद? यादी वगैरे?"

"होती. फाडली."

कारकून हसला नाही, पण त्यानं खाली बघितलं.

"मी स्वतः तिथं होते, साहेब. तिच्या चुलीचा पहिला घास मी खाल्लाय."

"तुम्ही वाशिंदच्या. साक्ष वाडीतल्या माणसाची लागते." मग ते मागं वळले, भिंतीकडे बोट केलं. आवाजात खोच नव्हती, हे मला अजून आठवतं. ते खरंच गोंधळले होते. "आणि मॅडम, हे पण तुम्हीच लिहिलंय. इथं नाव खरं आहे, वाडी खरी आहे, फोटो आहे. 'भिमीला वेगळं घर लागत नाही.' मी हेच वाचून यादीवर सही केली. मला वाटलं, अभ्यासक लिहितात म्हणजे चौकशी करूनच."

पुस्तकात हकिगत खरी होती, नाव खोटं. फलकावर नाव खरं होतं.

"तिलाच विचारा," मी म्हटलं.

हर्षाली पुढं झाली. भिमीला खुणेनं सांगितलं, साहेब विचारतायत. भिमी उठली. पदर खोचला. डाव्या तळहातावर तीन बोटं टेकवली. छातीवर हात ठेवला. मग हॉलमधल्या एकेका माणसाकडे बोट करत गेली, हनुमान, त्याची बायको, सोमी, गोजर, खुर्चीवर बसलेले, खाली बसलेले, आणि प्रत्येकानंतर बोटं तोंडाला लावली. माझी चूल. याने खाल्लं. हिने खाल्लं. याने खाल्लं. शेवटी नामापाशी आली. याने पण.

हॉलमध्ये पंखे फिरत होते.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

हर्षालीनं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. साहेबांकडे बघून म्हणाली, "आत्या म्हंते, माझं खानंपिनं सगल्यांच्याच घरी. हिच्याकडं खाल्लं, त्याच्याकडं खाल्लं. भावाजवल बरं हाय म्हंते."

"असं म्हणाली नाही ती!" मी उभी राहिले. "साहेब, ती चूल म्हणाली. माझी चूल म्हणाली. हर्षाली, काय सांगतेस?"

हर्षाली माझ्याकडे बघत नव्हती.

"मॅडम, बसा. दुभाषी घरातलीच आहे."

"इथल्या कुणालाही विचारा. सगळ्यांना कळतं ती काय म्हणाली."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. भिमी ते बघून हसली, तिला वाटलं ते आपलं नाव सांगतायत.

"विचारतो," साहेब म्हणाले. "पण आधी एक सांगतो, म्हणजे नंतर मला बोल नको. एक कुटुंब वाढलं तर यादी परत वर जाणार. नकाशा नव्यानं, मंजुरी नव्यानं. तोवर कुणालाच ताबा नाही. आणि धरणाची दारं पावसाआधी बंद होणार, ते माझ्या हातात नाही. हं. आता सांगा. या बाईची चूल वेगळी होती, असं कोण सांगतं?"

मी हनुमानकडे बघितलं. त्यानं दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले होते. थंडी वाजावी तसे. सोमीनं हात पदरात गुंडाळले. गोजरनं काखेत. मी एकेकाकडे बघत गेले. ज्या वाडीत रागावतानासुद्धा हात हलायचे, तिथली पन्नास माणसं हात लपवून बसली होती. कुणाचं बोट हललं नाही. मला तेव्हा कळलं की त्यांनी हे भिमीपासून लपवलेलं आहे, साहेबांपासून नाही. हात मोकळे राहिले असते तर ते तिच्याशी बोलले असते.

नामा जमिनीकडे बघून म्हणाला, "मी हाय तिला, साहेब. उपाशी नाय ठेवनार."

"झालं तर मग," साहेब म्हणाले. आणि भिमीकडे वळून त्यांनी, शिकवलेलं विसरले नव्हते, दोन्ही तळवे एकमेकांवरून झाडले. संपलं.

भिमीनं माझ्याकडे बघितलं. मग हॉलकडे. कुणी रडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. साहेब हसत होते. काम संपलं, म्हणजे घर मिळालं, असं तिला वाटलं. तिनंही तळवे झाडले, आणि साहेबांच्या पाया पडली.


फलक ९, मसुदा

ही भिमी. फोटोत ती हसते आहे, कारण तिला वाटतं की


इथं थांबते. सतरा महिने झाले, या वाक्याच्या पुढं गेलेले नाही.


हॉलबाहेर भिमीनं माझा हात धरला आणि बाजारात नेलं. कुंभाराच्या दुकानातून एक मडकं निवडलं. वाजवून बघायचं असतं ते बोटानं, ती वाजवून कानाशी न नेता गालाशी नेते, मडकं तडकलेलं असलं तर तिला गालाला कळतं. चार नाकारली, पाचवं घेतलं. मग मला सांगितलं: नवं घर. नवी चूल. भात. पहिला घास. आणि तळहातावर बोटानं लिहिलं. तुला.

मी तिला सांगायला हवं होतं. मला तिची भाषा येते. नऊ वर्षं शिकले, त्या भाषेवर पुस्तक आहे माझं. 'नाही' म्हणायला एक बोट लागतं.

मी मान हलवली.

मनात म्हटलं, अपील करू. अपील झालं की सांगू, म्हणजे एकदमच सांगता येईल. अपील मी केलं. ते फेटाळलं गेलं. तोवर वाडी हलायची तारीख आली, आणि त्या दिवशी मुरबाडच्या कॉलेजात माझं व्याख्यान ठरलेलं होतं. विषय, अपंगत्व आणि समाज. माळ तिथून आठ किलोमीटर. दुपारी जाऊन यायचं ठरवलं होतं. प्रश्नोत्तरं लांबली.


हर्षालीनं सांगितलं ते

तुमी नाय आलात. मला वाटलं याल.

टेम्पोत सामान भरलं. आत्यानं काय आनलं? मडकं आन् ते तीन धोंडे. डायवर म्हनला, म्हातारे, तिकडं काय दगड नाय का? मी म्हटलं, घे रे गप. मांडीवर घेऊन बसली ती धोंडे, अख्खा रस्ता.

उतरल्यावर सगले आपापला नंबर शोधाया लागले. भिंतीवर रंगानं लिवलेलं. आत्याला आकडे कलत नाय. ती एकेका घरासमोर उभी राही, चुलीची खून करी, छातीवर हात ठेवी. हे माझं? तिथलं मानूस आत निघून जाई. पुढच्या घराला. हे माझं? ते पन आत. सगल्या एक्केचालीस घरांना विचारलंन, बाय. कुनी नाय सांगितलं. हनुमानकाकांनी तर दार लावून घेतलं.

शेवटच्या घराच्या पुढं गटार हाय, मंग मोकला माल. तिथं जाऊन तिनं धोंडे मांडले. बसली. तिला वाटलं, शेवटचं टोक तिचं, तिकडच्यासारखं.

ऊन किती होतं. मामंजी गेले, एकेक धोंडा उचलून आमच्या मागच्या बाजूला ठेवला. ती बघत राहिली. मंग मीच गेले. मीच सांगितलं. सायबाला मी काय बोलले ते पन सांगितलं. सगलं. हातांनी सांगताना तिच्या तोंडाकडं बघावंच लागतं, बाय. तुमाला म्हाईत हाय. बघितल्याबिगर बोलता येत नाय ती भाषा.

मला मारलं असतं तरी चाललं असतं. तिनं काय केलं, माझ्या पोरीला माझ्या कडेवर नीट केलं. आन् हात खाली सोडले. तवापासून खालीच हायेत. कुनाशीच बोलत नाय. मडकं पन वापरलं नाय.

माझ्याकडं असं नका बघू. सुनावनीच्या आदल्या सांजेला तो मोटरसायकलवाला पुढारी सांगून गेला होता, एक घर वाढलं तर कुनालाच घर नाय. तुमी पुस्तक लिवता. मला पोरगी घेऊन पान्यात बसायचं होतं का? तुमी बसला असता?


फलक नऊ मुरबाडहून पुढं बऱ्याच ठिकाणी गेला. मी प्रज्वलला काढायला सांगितलं. तो म्हणाला, ताई, मधला एक काढला तर नंबर तुटतात, नवा मजकूर द्या, लगेच छापतो. चाळीस शब्द. मी उद्या देते म्हटलं. असे बरेच उद्या झाले. अभिप्रायाच्या तिसऱ्या वहीतही लोक 'भिमी सगळ्या घरांची आहे' हेच वाक्य उतरवून काढतात.


मागच्या रविवारी मी माळावर गेले. एकोणीस नंबर. पुढं लादी, आत गॅस. लहानी, म्हणजे नामाची बायको, दाराशी तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "मागं हाय," आणि सूप घेऊन आत गेली.

घराची मागची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. दोन हात रुंद. त्याच्या बंद टोकाला तीन धोंडे मांडलेले. काळे झालेले नव्हते. भिमी त्यांच्यासमोर बसली होती, माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. केस फार पिकले होते.

मी घराच्या भिंतीवर थाप मारली. सवयीनं. सिमेंट. हाताला झिणझिण्या आल्या. पुन्हा मारली, जोरानं. आत कुठंतरी लहानी म्हणाली, कोन हाय? भिमी वळली नाही. भिंतीला अडकवलेलं असं काही नव्हतंच हलायला.

पायाशी बांधकामातली खडी पडली होती. त्यातला एक खडा उचलला. पण तो तिच्या पुढ्यात टाकायचा तर तिच्या पुढं जायला हवं. बोळ तिच्या अंगानं भरलेला, आणि पुढं भिंत. टाकायचा तर मागूनच टाकावा लागला असता. खांद्यापर्यंत हात पोचला असता, पण तो लावायला मी धजले नाही.

खडा हातात घेऊन मी उभी राहिले. ऊन कुंपणाच्या भिंतीवरून सरकत घराच्या भिंतीवर आलं. तिच्या खांद्यावरून तिचे दोन्ही हात मला दिसत होते. मांडीवर, उताणे, रिकामे.